डिक्लेरेटिव्ह यूआय (पडद्यावरील मांडणी) फ्रेमवर्क (बहुमंचीय मोबाइल ॲप)

ॲपच्या पडद्यावर काय दिसावे याचे वर्णन हाताशी असलेल्या माहितीवरून, म्हणजे स्टेटवरून करायचे आणि पडद्यात प्रत्यक्ष बदल घडवण्याचे काम फ्रेमवर्कवर सोपवायचे, ही डिक्लेरेटिव्ह पद्धती होय. जुन्या इम्परेटिव्ह पद्धतीत बटण शोधणे, त्याचा मजकूर बदलणे, रकाना लपवणे अशा आज्ञा प्रोग्रामरला क्रमाने द्याव्या लागतात. त्यांपैकी एखादी राहून गेली की माहिती एक सांगते आणि पडदा दुसरेच दाखवतो. एकाच कोडमधून अँड्रॉइड व आयओएस या दोन्हींसाठी ॲप बनवणाऱ्या रिॲक्ट नेटिव्ह, फ्लटर आणि कंपोझ मल्टिप्लॅटफॉर्म यांचा येथे मुख्यतः विचार केला आहे. ॲपलचे स्विफ्टयूआय (२०१९) याच पद्धतीचे असले, तरी ते ॲपलच्या उपकरणांपुरतेच आहे.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो फंक्शनल प्रोग्रामिंगच्या, म्हणजे गणिती फलनांतून प्रोग्राम रचण्याच्या, परंपरेत शोधतात आणि कोनल एलियट व पॉल हुडाक यांच्या १९९७ मधील ‘फ्रॅन’विषयक निबंधाकडे बोट दाखवतात. दुसऱ्या मताप्रमाणे पडद्याची मांडणी लिहिण्याच्या भाषा, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे झॅमल (२००६) आणि क्यूटी या फ्रेमवर्कच्या ४.७ आवृत्तीसोबत २०१० मध्ये आलेले क्यूएमएल, हे खरे पूर्वसूरी होत. मात्र त्यांत पडद्याचा आराखडा एकदा मांडून त्याला माहितीचे धागे जोडले जातात, दर बदलाला संपूर्ण वर्णन नव्याने केले जात नाही. हे नव्याने वर्णन करणेच मोबाइल फ्रेमवर्कांचे व्यवच्छेदक लक्षण मानले, तर तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यानुसार ही कल्पना सर्व्हरवर दर वेळी सबंध पान नव्याने तयार करण्याच्या वेब-परिपाठातून आली. फेसबुकने २०१० मध्ये खुली केलेली एक्सएचपी ही पीएचपी या सर्व्हरवरील भाषेची जोड, फेसबुकचे अभियंते जॉर्डन वॉक यांचा २०११ च्या सुमाराचा फॅक्सजेएस हा प्रयोग आणि मे २०१३ मध्ये खुली झालेली रिॲक्ट ही वेबसाठीची लायब्ररी, असा हा क्रम दिसतो. तरीही वॉक यांच्यावरील फंक्शनल भाषांचा प्रभाव लक्षात घेता पहिले मत सर्वस्वी त्याज्य ठरत नाही.

नवे वर्णन हाती आल्यावर ते जुन्याशी ताडून फरक तेवढाच लागू करणे, याला रिकन्सिलिएशन म्हणतात. पडद्यावरील घटकांची रचना वृक्षासारखी, एकात एक अशी असते; अशा दोन वृक्षांमधील किमान फरक काढण्याच्या सर्वसाधारण रीतींना घटकसंख्येच्या घनाच्या प्रमाणात वेळ लागतो. रिॲक्टने दोन गृहीतकांच्या आधारे तो घटकसंख्येच्या सम प्रमाणात आणला: घटकाचा प्रकार बदलला की त्याखालची सारी शाखा नवी समजायची आणि यादीतील घटकांची ओळख ‘की’वरून, म्हणजे प्रत्येकाला दिलेल्या वेगळ्या ओळखचिन्हावरून, पटवायची. वर्गाच्या हजेरीची यादी घेतली, प्रत्येक ओळीने आपली खूण स्वतःच्या स्टेटमध्ये ठेवली आणि की दिली नाही, तर यादीच्या डोक्यावर नवे नाव येताच पहिल्या मुलाची खूण त्या नव्या नावापुढे दिसू लागते, कारण फ्रेमवर्कने ओळ जागेवरून ओळखलेली असते. फ्लटरमध्ये विजेटचा (पडद्यावरील घटकाच्या वर्णनाचा) प्रकार आणि की यांवरूनच जुना एलिमेंट (पडद्यावर राहणारा प्रत्यक्ष घटक) टिकवायचा की टाकायचा हे ठरत असल्याने तेथेही हीच चूक घडते. कंपोझमध्ये कंपायलरचे प्लगइन कोडमध्ये फंक्शन जेथे बोलावले आहे त्या जागेवरून ओळख ठरवते. यादीत मात्र तेथेही की द्यावी लागते.

लेखनपद्धतीत इतके साम्य असल्यामुळे तुलनेचा खरा निकष पडद्यावर रेखाटन कोण करते हाच राहतो. रिॲक्ट नेटिव्ह (मार्च २०१५ मध्ये आयओएससाठी, सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडसाठी खुले) फोनच्या प्रणालीचेच (अँड्रॉइड किंवा आयओएसचेच) स्विच व मजकूर-चौकटी वापरते. आरंभी जावास्क्रिप्ट आणि प्रणाली यांच्यातील सारे निरोप ‘ब्रिज’वरून जात आणि भरभर सरकवलेल्या लांब यादीत मध्येच कोरा पडदा दिसे. जावास्क्रिप्टला प्रणालीशी थेट बोलू देणाऱ्या जेएसआय या दुव्यावर आधारलेली नवी रचना ऑक्टोबर २०२४ च्या ०.७६ आवृत्तीपासून आपोआप लागू होणारा पर्याय झाली. क्रोमवर काम केलेल्यांच्या प्रयोगातून निघालेले आणि २०१५ मध्ये ‘स्काय’ या नावाने दाखवले गेलेले फ्लटर (१.० आवृत्ती, डिसेंबर २०१८) प्रत्येक पिक्सेल स्वतः रेखाटते, आधी स्किया आणि पुढे इम्पेलर या इंजिनाने. त्यामुळे दोन्ही प्रणालींवर रूप एकसारखे मिळते, पण ॲपलने स्विचचे रूप बदलले की फ्लटरला त्याची प्रतिकृती नव्याने घडवावी लागते. जेटब्रेन्सचे कंपोझ मल्टिप्लॅटफॉर्म अँड्रॉइडवर गूगलचे जेटपॅक कंपोझच वापरते, तर आयओएसवर स्कियाने रेखाटते. आयओएसवरील त्याची स्थिर आवृत्ती मे २०२५ मध्ये आली.

स्वतः रेखाटणाऱ्या इंजिनाला जोडाक्षरांची जुळणीही स्वतःच करावी लागते आणि फ्लटर त्यासाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरते. अक्षरे मोजण्याचा प्रश्न मात्र रेखाटनाचा नसून भाषेचा आहे व तो तिन्हींना सारखाच लागू होतो. ‘क्षितिज’ हा शब्द मराठी वाचक तीन अक्षरांचा मानतो. डार्ट (फ्लटरची भाषा), जावास्क्रिप्ट (रिॲक्ट नेटिव्हची) आणि कॉटलिन (कंपोझची) यांतील साधी लांबी मात्र सात येते, कारण क, हलंत, ष, दोन वेलांट्या, त आणि ज हे सर्व सुटे मोजले जातात. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकाच्या जुन्या अक्षरगट-नियमांनी हा शब्द चार गटांचा होई. २०२३ च्या १५.१ आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर एकसंध मानल्यावर तो तीनवर आला. नावाच्या रकान्यावर अक्षरमर्यादा घालताना हा फरक दुर्लक्षिला, तर नाव जोडाक्षराच्या मधोमध तुटू शकते.

वरील तिघांखेरीज, झॅमल-परंपरेतील डॉटनेट माउई हे मायक्रोसॉफ्टचे बहुमंचीय फ्रेमवर्क मे २०२२ मध्ये त्याच्या जुन्या झॅमरिन फ्रेमवर्कच्या जागी आले. तेही प्रणालीचीच नियंत्रणे वापरते.