पट्ट्याची किंमत कुठून येते? सुरी घासण्याच्या एमरी बेल्टची पार्श्वभूमी

ठाणे, ऐरोली, डोंबिवली, पनवेल या भागात हौसेनं सुऱ्या घडवणारी माणसं आता बऱ्यापैकी भेटतात. कुणी गावाकडच्या घराच्या मागं भट्टी लावली आहे, कुणी वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या गाळ्याचा कोपरा रविवारी वापरतं. मोटर आणि ग्राइंडरचा खर्च मोठा असला तरी तो एकदाच होतो. त्याच्या चाकांवर फिरणारे घासकापडाचे पट्टे मात्र कायम संपत राहतात. म्हणून नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ५० बाय १८३० चा स्वस्त पट्टा कुठे मिळेल? ५० बाय १८३० मिलिमीटर म्हणजे २ बाय ७२ इंच. हे माप अमेरिकेतल्या छोट्या वर्कशॉपांमधून सुरी करणाऱ्यांच्या जगात रुळलं आणि तिथून आपल्याकडे आलं.

सुरुवातीला मीही फक्त दर बघून पट्टे घेतले. त्या दरामागं काय काय असतं ते कळायला बरीच पाती वाया गेली. पट्ट्यात चार गोष्टी असतात: घासणारा दाणा, कापड, दाणा कापडाला धरून ठेवणारा चिकट आणि दोन टोकं जोडणारा सांधा. किंमत या चारांतून येते आणि चारांनाही स्वतःचा इतिहास आहे.

दाण्यापासून सुरुवात करू, कारण त्याची गोष्ट आपल्याच देशातून निघते. आपल्याकडचे शिकलगार आणि रत्नं घासणारे कारागीर फार पूर्वीपासून कुरुविंदाची भुकटी लाखेत मिसळून चाक बनवत. एक जण पात्याला धार लावायचा आणि दुसरा चामड्याची वादी मागं-पुढं ओढून ते चाक फिरवायचा. कुरुविंद म्हणजे नैसर्गिक ॲल्युमिनियम ऑक्साइड. माणिक आणि नीलम हे त्याचेच स्वच्छ, रंगीत भाऊ. दक्षिणेतला 'कुरुंदम' हा शब्द युरोपात पोचला, १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यांनी आशियातल्या या दगडावर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला, आणि इंग्रजीत 'कोरंडम' हे नाव रुळलं. तिकडे तोवर एमरी वापरात होती. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावरचा हा काळा दगड म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडात मिसळलेला कुरुविंदच. आपल्या वर्कशॉपांत आजही कुठल्याही घासकापडाला 'एमरी' म्हणतात, आत एमरीचा कणही नसला तरी.

कागदावर दाणे चिकटवण्याची युक्तीही जुनी आहे. तेराव्या शतकात चीनमध्ये शिंपल्यांचा चुरा आणि वाळू डिंकानं चर्मपत्रावर चिकटवत. कारखान्यातलं उत्पादन १८३३ मध्ये लंडनला जॉन ओकी यांनी सुरू केलं. त्यांच्या कागदावर काचेची पूड असायची, म्हणून सुतारांच्या तोंडी 'ग्लास पेपर' हा शब्द राहिला. लाकडासाठी काच चालते. कडक केलेल्या पोलादासमोर ती टिकत नाही.

पोलादाला पुरून उरणारा दाणा विजेच्या भट्टीतून आला. १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियात एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरा करायच्या प्रयत्नात होते. चिकणमाती आणि कोकची भुकटी एकत्र करून त्यांनी तिच्यातून वीज सोडली, तेव्हा चमकदार, अत्यंत कठीण स्फटिक हाती आले. कार्बन आणि कोरंडम यांचं संयुग असावं अशा समजुतीनं त्यांनी त्याला 'कार्बोरंडम' म्हटलं. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होतं. समजूत चुकली, पण त्या नावात आपला कुरुविंद कायमचा राहिला. १९५४ मध्ये मद्रासला मुरुगप्पा समूहानं परदेशी भागीदारांसह 'कार्बोरंडम युनिव्हर्सल' सुरू केली, तेव्हा तो शब्द जगाला वळसा घालून दक्षिणेत परतला. मला ही गोष्ट फार आवडते.

१८९७ च्या सुमारास बॉक्साइट वितळवून कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइड करण्याची पद्धत सापडली. बाजारातला सर्वांत स्वस्त, तपकिरी पट्टा याच दाण्याचा असतो. थ्री एमची सुरुवात इथेच लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०२ मध्ये मिनेसोटात कुरुविंदाची खाण चालवायला ही कंपनी निघाली, आणि खाणीत निघाला भलताच मऊ दगड. मग त्यांनी बाहेरून दाणा आणून घासकागद करायला घेतला. स्पेनहून आलेल्या गार्नेट या खनिज दाण्याच्या एका खेपेत जहाजावर ऑलिव्ह तेल सांडलं होतं, त्यामुळं दाणे कापडाला धरेनात. गिऱ्हाइकांच्या तक्रारींमुळं कारण शोधावं लागलं आणि माल तपासणारी प्रयोगशाळा उभी राहिली. दाणा कितीही चांगला असो, चिकट धरला नाही तर पट्टा व्यर्थ, हे त्या खेपेनं दाखवलं.

चिकटासाठी पूर्वी जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरत. सरस दमट हवेत मऊ पडतो, घासण्याच्या उष्णतेनंही सुटतो. पुढं फेनॉलिक राळ आली आणि पट्टा जास्त ताप व दाब सोसू लागला. १९३० च्या दशकात दाणे विद्युतभाराच्या साहाय्यानं टोक वर करून उभे रोवण्याची पद्धत आली, म्हणून प्रत्येक दाणा कापू लागला. कापडही बदललं. आज बारीक कामाला लवचीक सुती कापड आणि रेटून घासायला पॉलिस्टरचं जाड कापड घेतात.

दाण्यातली पुढची झेप १९७० च्या सुमारास झिरकोनिया या नव्या कृत्रिम दाण्यानं घेतली आणि तिच्या पुढची १९८१ मध्ये थ्री एमच्या सिरॅमिक दाण्यानं. साधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा घासून गोल होतो, म्हणजेच बोथट होतो. सिरॅमिकचा दाणा अतिसूक्ष्म स्फटिकांचा असतो. दाबाखाली त्याचा कण तुटतो आणि नवी धार उघडी पडते. सुरुवातीला हा माल पेटंटच्या कवचात असल्यानं महाग होता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मूळ पेटंटांची मुदत संपली, युरोप आणि चीनमधले इतर उत्पादकही सिरॅमिक करू लागले, आणि आपल्यासारख्यांच्या आवाक्यात तो आला.

सुरीच्या बाबतीत बोथट दाण्याचं नुकसान वेगळंच असतं. बोथट पट्टा कापत नाही, नुसता तापवतो. पाणी पाजून कडक केलेलं पातं टेम्परिंगच्या (ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेतानं तापवण्याच्या) तापमानापलीकडे, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढं गेलं की धारेजवळ आधी गवती पिवळा आणि मग निळा रंग चढतो. तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तेवढा भाग घासून काढा, नाहीतर सगळं पातं पुन्हा भट्टीत घाला. लोहारांच्या भाषेतला हा 'पाणी' शब्द किती नेमका आहे ते अशा वेळी कळतं. जाड घासाईला, म्हणजे पी ३६ किंवा पी ६० ला (आकडा लहान तितका दाणा जाड), सिरॅमिकचा एक पट्टा मला तीन-चार साध्या पट्ट्यांच्या जागी पुरतो आणि पातं वाचतं. पी १२० च्या पुढं दाबच कमी असतो, तिथं साधा ॲल्युमिनियम ऑक्साइड घेऊन पैसे वाचवावेत. पी ४०० चा दाणा सरासरी ३५ मायक्रॉनचा असतो, त्याला सिरॅमिकची गरज मला कधी पडलेली नाही.

सिरॅमिक घ्यायचं तर वेगही हवा. अमेरिकन आराखडे तिथल्या ६० हर्ट्झ विजेवर, मिनिटाला ३,४५० फेऱ्यांच्या मोटरसाठी केलेले असतात. आपल्या ५० हर्ट्झवर तीच मोटर २,८८० च्या आसपास फिरते. म्हणजे तोच ४ इंची चाक लावलेला ग्राइंडर इथं सहाव्या हिश्शानं हळू चालतो: मिनिटाला सुमारे ३,६०० फुटांऐवजी ३,०००. वेग आणि दाब कमी पडला की सिरॅमिकचा दाणा तुटत नाही, चकाकी धरतो, आणि माणूस पट्ट्याला दोष देतो. चाक ५ इंची केलं की वेग ३,७०० च्या पुढं जातो.

आता आपला परिसर. घासणाऱ्या मालाचा इथला संबंध नवा नाही. ग्राइंडवेल ही कंपनी १९४१ मध्ये उरणजवळ मोऱ्याला ग्राइंडिंग व्हील करू लागली. पुढं ती अमेरिकेच्या नॉर्टनशी जोडली गेली आणि १९९० मध्ये नॉर्टन फ्रान्सच्या सेंट-गोबेनकडे गेली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. नंतर दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने वाढले, कळव्याला मुकंदचं पोलाद होतंच, आणि सिडकोनं मुंबईचा लोखंड बाजार कळंबोलीला आणायला जागा दिली. इतके कारखाने म्हणजे कास्टिंग साफ करणारे, पाइप पॉलिश करणारे, भांडी चमकवणारे. त्यांना रोज पट्टे लागतात आणि प्रत्येकाच्या मशीनचं माप वेगळं.

म्हणून पट्टे जोडून देणारे आले. मोठ्या कंपन्या कापड भल्या रुंद रोलमध्ये विकतात. जोडणारा त्यातून हव्या लांबीचा तुकडा तिरका कापतो, पट्टी लावून गरम प्रेसमध्ये सांधतो, आणि तो रुंद पट्टा मग हव्या रुंदीत चिरतो. एक मीटर रुंदीच्या तुकड्यातून आपले ५० मिलिमीटरचे २० पट्टे निघतात. 'निदान वीस घ्या' असं तो म्हणतो तेव्हा अडवणूक करत नसतो. दोन पट्ट्यांसाठी उरलेलं कापड त्याच्या अंगावर पडतं. आम्ही चौघं मिळून एका दाण्याची ऑर्डर देतो आणि पाच-पाच वाटून घेतो. एकेक पट्टा मागवण्यापेक्षा हे मला खूपच परवडलं आहे. कापड कुठल्या कंपनीचं ते विचारावं, पाठीवरचा छाप बघावा. मुंबईच्या नागदेवी बाजारातल्या दुकानांतही पट्टे मिळतात, पण आपल्या मापाचे तयार असतीलच असं नाही.

राहिला सांधा. स्वस्तात विकायला काढलेला जुना साठा मी आता घेत नाही, कारण दाणा वर्षानुवर्षं तसाच राहतो, सांध्याची पट्टी मात्र जुनी होते. चालत्या ग्राइंडरवर तुटलेला पट्टा हातावर बसतो तेव्हा वाचवलेले पैसे आठवत नाहीत. पट्ट्यांना साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रतेची हवा मानवते, आणि आपल्याकडे जुलैत ती ९० पर्यंत जाते. त्या हवेत सुती कापड वाकतं आणि पट्टा चाकावर सरळ बसत नाही. त्यामुळं आमची ऑर्डर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये जाते. उरलेले पट्टे मी घड्या न घालता जाड पाइपवर टांगतो आणि जूनपासून झाकणाच्या ड्रममध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. प्रत्येकाच्या पाठीवर जोडणीचा महिना पेनानं लिहिलेला असतो.