पार्श्वभूमी: मिंगसचा बेस आणि मॅसी हॉलची टेप

येत्या बैठकीत अमेरिकन जॅझ बेसवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगस ऐकायचा, यावर आपल्या इंदूरच्या श्रवणमंडळात दुमत नव्हतं. खडाजंगी झाली ती मॅसी हॉल या सभागृहातल्या मैफलीवरून. १५ मे १९५३ रोजी टोरांटोत झालेल्या या मैफलीच्या दोन आवृत्त्या मिळतात. एकीत मिंगसचा डबल बेस (उभं धरून वाजवायचं मोठं, खर्जातलं तंतुवाद्य) खणखणीत ऐकू येतो, कारण तो त्याने नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून टेपवर चढवला. दुसरीत तो त्या रात्री जेवढा उमटला तेवढाच आहे, म्हणजे बऱ्याच ठिकाणी जवळजवळ नाहीच. ज्येष्ठांना पहिली हवी, तरुणांना दुसरी. भांडायचंच असेल तर माहिती घेऊन भांडावं, म्हणून हे टिपण. सॅक्सोफोनवाला पार्कर आणि ट्रम्पेटवाला गिलेस्पी कोण, बीबॉप ही वेगवान जॅझशैली म्हणजे काय, हे आधीच्या बैठकांत झालंय. ते पुन्हा उगाळत नाही.

मिंगसचा जन्म २२ एप्रिल १९२२ चा, ॲरिझोनातल्या नोगालेसचा. वडील लष्करात. वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात. आधी ट्रॉम्बोन, मग चेलो. अभिजात वाद्यवृंदात काळ्या मुलाच्या चेलोला जागा नाही हे लवकरच दिसलं आणि मित्राच्या आग्रहावरून हाती बेस आला. तालीम दोन्ही घरची झाली: रेड कॅलेंडर या जॅझ बेसवादकाकडे, आणि पुढे सुमारे पाच वर्षं, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात वाजवलेल्या हर्मन राइनशागेन यांच्याकडे. १९४३ मध्ये लुई आर्मस्ट्राँगबरोबर दौरा, दशकाच्या शेवटी लायनेल हॅम्प्टनचा ताफा, १९५०-५१ मध्ये रेड नॉर्व्होचं त्रिकूट. या त्रिकुटात व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), गिटार आणि बेस एवढंच होतं. ड्रम नाही, पियानो नाही. लय धरायची तर एकट्या बेसने, आणि तीही भरधाव. मिंगसची बोटं तिथे तयार झाली असं मला वाटतं. मधल्या काळात पोटासाठी पोस्टात नोकरीही केली. १९५३ च्या सुरुवातीला जॅझमधला थोर ताफाप्रमुख ड्यूक एलिंग्टन याच्याकडे काम मिळालं, ते थोडेच दिवस टिकलं. ताफ्यातल्या ट्रॉम्बोनवाल्याशी मारामारी झाली आणि एलिंग्टनने त्याला काढून टाकलं. एलिंग्टन त्याचं दैवत होता, हे लक्षात घेतलं की ही गोष्ट जास्त लागते.

आता बेसबद्दल. आपल्याकडे अमीर खाँसाहेबांच्या विलंबित झूमऱ्यातला सरळ ठेका ऐकून कान घडलेले. साथ म्हणजे खाली अंथरलेली सतरंजी, गायकाने तिच्यावर बसावं, अशी आपली समजूत. मिंगसपाशी ती उपयोगी पडत नाही. त्याचा बेस लय सांभाळतो, पण मध्येच थांबतो, सॅक्सोफोनला टोकतो, पुढच्या वळणाची सूचना देतो, कधी वाजवणाऱ्याला चक्क ढकलतो. साथीदारांना तो रंगमंचावर भर मैफलीत झापत असे, पण त्याआधी ते काम बेस करत असे. असा बेस टेपवर नसला, तर बाकीचे असं का वाजवतायत याचा उलगडाच होत नाही.

आणि तेव्हा तो टेपवर न येणं सहज शक्य होतं. डबल बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा. तारा आतड्याच्या, आवाज मऊ, वाद्यावर बसवायचे, आवाज विजेने मोठा करणारे पिकअप रुळायला अजून अवकाश. ट्रम्पेट आणि ड्रमच्या जोडीला हे वाद्य मोठ्या सभागृहात ठेवलं, तर माईकपर्यंत काय पोहोचणार?

१९५२ मध्ये मिंगस, त्याची तेव्हाची पत्नी सेलिया आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांनी डेब्यू ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. मोठ्या कंपन्यांच्या दयेवर राहायचं नाही, एवढाच हेतू. दुसऱ्या वर्षी टोरांटोतल्या एका हौशी मंडळाने चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, पियानोवादक बड पॉवेल, मिंगस आणि रोच या पाचांना एकत्र बोलावलं. दुर्दैवाने त्याच रात्री शिकागोत मार्सियानो आणि वॉलकॉट यांची हेवीवेट विजेतेपदाची लढत होती. सभागृह बरंचसं रिकामं राहिलं. तालीम झाली नव्हती. पॉवेल त्याच वर्षी रुग्णालयातून बाहेर आलेला. पार्कर प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन आला. तोच ग्राफ्टन बनावटीचा सॅक्सोफोन पुढे १९९४ मध्ये लिलावात विकला गेला. तिकिटं न खपल्याने ठरलेले पैसे सगळ्यांच्या हाती पडले नाहीत, आणि मिंगस टेप घेऊन न्यूयॉर्कला परतला. तबकडीवर पार्करचं नाव ‘चार्ली चॅन’ असं आलं, कारण तो दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होता. पार्कर आणि गिलेस्पी एकत्र ध्वनिमुद्रित झाल्याचा हा शेवटचा प्रसंग मानतात. पार्कर १९५५ मध्ये गेला.

न्यूयॉर्कमध्ये टेप लावली तर बेस जवळजवळ कुठेच नाही. तेव्हा मिंगसने स्टुडिओत उभं राहून, टेप ऐकत, आपला भाग पुन्हा वाजवला आणि तोच छापला. पन्नास वर्षं जगाने मॅसी हॉल म्हणून जे ऐकलं, ते हे.

यावर तरुणांचा आक्षेप साधा आहे: ही लबाडी. मैफल ती मैफल, तिथे जे झालं ते झालं. हा मुद्दा मला तितकासा पटत नाही. त्या रात्री पार्करच्या कानावर बेस पडत होता, तो चार पावलांवर उभा होता. बेस ऐकू आला नाही तो माईकला. म्हणजे बिनबेसाची टेप हीदेखील त्या रात्रीची खरी नक्कल नव्हे. पाचांपैकी एकाला गाळून केलेली नक्कल आहे. ‘अस्सल’ म्हणून जी मिरवली जाते, ती माईक कुठे ठेवला होता त्याची साक्ष देते.

पण खरा आक्षेप निराळाच आहे, आणि तो आपल्या बैठकीत कोणी मांडला नाही. मिंगसने दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं. पॉवेल कुठे वळणार, रोच कुठे घाव घालणार, सगळं टेपवर आधीच होतं. जॅझमध्ये प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळतं. इथे उत्तरं ऐकून प्रश्न रचले गेले. नीट कान दिला तर हे जाणवतं: काही जागी बेस फारच समंजस आहे. शिवाय स्टुडिओचा कोरडा आवाज सभागृहाच्या घुमाऱ्यात मिसळत नाही, वर तरंगत राहतो. आणि निर्माता व बेसवादक एकच असल्यावर बेस थोडा मोठा लावला जाणारच. तेवढा स्वार्थ मी मान्य करतो. तरीही माझं वजन मिंगसच्या पारड्यात. त्याने दुसऱ्या कोणाचा सूर दुरुस्त केला नाही. स्वतःचा, त्याच रात्री वाजवलेला आणि टेपने गिळलेला भाग परत आणला.

हे एका रात्रीपुरतं सुचलं असतं तर गोष्ट वेगळी. मिंगसला टेप हा कच्चा मालच वाटत असे. १९६३ मधल्या ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’ या अल्बममध्ये अकरा वादकांच्या ताफ्यावर नंतर आल्टो सॅक्सोफोन चढवला आहे, तुकडे कापून जोडले आहेत; जॅझमध्ये इतकी कापाकापी तोवर क्वचितच कोणी केली होती. त्याला तेव्हा लबाडी म्हणणारे कमी, रचना म्हणणारे जास्त. मग दहा वर्षं आधीच्या कृत्याला वेगळा न्याय का?

१९५९ चा ‘मिंगस आह अम’ हा अल्बम सगळ्यांकडे असेलच, त्यावर लिहीत नाही. एवढंच, की लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवणाऱ्या गव्हर्नरवरची ‘फेबल्स ऑफ फॉबस’ त्यात शब्दांशिवाय आहे, आणि १९६० मध्ये दुसऱ्या कंपनीकडे ती शब्दांसह आली. शब्द आधीच होते आणि कंपनीने नाकारले, की ते नंतर जुळले, यावर अजून वाद घालतात. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधली १२ ऑक्टोबर १९६२ ची मैफल पुरती फसली. त्या गडबडीच्या दिवसांत त्याने जिमी नेपर या आपल्याच ट्रॉम्बोनवादकाच्या तोंडावर ठोसा मारून दात पाडला. त्याचं मोठेपण सांगताना हे झाकू नये. ‘एपिटाफ’ ही त्याची दोन तासांहून लांब रचना पूर्ण वाजवली गेली ती १९८९ मध्ये, तो गेल्यावर दहा वर्षांनी.

१९७७ मध्ये स्नायू निकामी करणाऱ्या एएलएसचं निदान झालं. बोटं गेली, तेव्हा टेपरेकॉर्डरसमोर गुणगुणून तो चाली रचू लागला. ५ जानेवारी १९७९ ला मेक्सिकोत कुएर्नावाका इथे, छपन्नाव्या वर्षी, तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे पत्नी स्यू भारतात आली आणि अस्थी गंगेत सोडल्या. हे ऐकल्यावर बैठकीत कोणीतरी ‘म्हणजे तो आपलाच’ म्हणणार, हे गृहीत धरून चाललोय.

बेस न चढवलेली संपूर्ण मैफल सीडीवर २००४ मध्ये आली, आणि तेव्हापासून जुनी आवृत्ती ऐकणं म्हणजे अडाणीपणा, असा सूर लागला. हा सूर आपल्याला ओळखीचा आहे. इंदूर-देवासच्या घरगुती मैफलींच्या टेप स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून संगणकावर गेल्या. खरखर काढताना तंबोऱ्याची झारही पुसली गेली, आणि तरी आपण त्यांना स्वच्छ प्रत म्हणतो. खरखरीची प्रत हवी म्हणणारे ज्येष्ठच मॅसी हॉलच्या बाबतीत चढवलेला बेस मागतायत, आणि कॉम्प्युटरवर साफसफाई करणारे तरुण इथे सोवळे झालेत. दोन्ही बाजूंनी हे आधी आपसात निपटावं.

माझी सूचना: आधी २००४ ची लावावी, ‘परडिडो’ आणि ‘सॉल्ट पीनट्स’ एवढीच, आणि लगेच त्याच दोन जुन्या तबकडीवरून. उलट क्रमाने लावली तर कान बेस आठवत राहील आणि नसलेला सूर भरून काढेल. मग तुलना फुकट. शिवाय मागच्या वेळचा हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर चालणार नाही. त्यातून ४१ हर्ट्झ निघत नाहीत. ज्यांच्याकडे मोठे जुने स्पीकर माळ्यावर पडलेत, त्यांनी ते पुसून आणावेत, ॲम्प्लिफायर आहे.