शोकाच्या पाच पायऱ्या क्रमाने येतात का?

आई-वडील गेल्यावर नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पायऱ्या क्रमानेच चढाव्या लागतात, एखादी गाळली तर दुःख आत साचतं, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

या पायऱ्या 1969 सालच्या एका पुस्तकातल्या. ते चाळलं तर दिसेल की मुलाखती असाध्य आजाराच्या रुग्णांच्या आहेत, म्हणजे स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्यांच्या. मागे राहिलेल्या लेकरांच्या नव्हेत. शिवाय या अवस्था कधीकधी एकत्रही असतात, हे तिथेच लिहिलंय.

पडताळा घरातही मिळतो. आई एकच, पण थोरला गंधमुक्तीलाच, म्हणजे उत्तरकार्याच्या विधीलाच, ढसाढसा रडतो, धाकटा कापसाच्या हिशेबात डोकं घालतो आणि बहीण कित्येक महिने शांत राहून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईच्या नावाची घागर भरताना कोसळते. (साहजिक आहे. आखाजी पितरांची आणि लेकींनी माहेरी यायचीही.) यात कुणाचीच पायरी चुकलेली नाही.

मात्र सहा महिने उलटूनही जेवण, झोप, काम रुळावर येत नसेल तर मानसोपचार डॉक्टरांना भेटावं. जीव द्यावासा वाटला तर त्याच दिवशी.