फ्लॅट स्कीममध्ये सुक्या कचऱ्याची सोय : नागपूर मनपाकडे अर्ज कसा करायचा

आमच्या 64 फ्लॅटच्या स्कीममध्ये सुक्या कचऱ्याला एकच ड्रम होता. रविवारी दुपारपर्यंत तो भरायचा आणि उरलेले पुठ्ठे ओल्यावर पडायचे. वरणभाताच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठा कबाडी हातात धरत नाही. ड्रम वाढवा म्हणून सफाई कामगाराला सांगून काही होत नाही, त्यासाठी कागद हलवावा लागतो.

अर्ज कोणतीही स्कीम करू शकते, लहान असो की मोठी. मात्र आपण कशात बसतो ते आधी तपासा. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या घनकचरा नियमांनुसार ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (रंगाचे डबे, बल्ब, औषधं वगैरे) असे चार भाग वेगळे द्यायचे आहेत. रोजचा कचरा 100 किलो, पाण्याचा रोजचा वापर 40,000 लिटर किंवा बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटर, यांपैकी एक जरी आकडा गाठला तरी स्कीम मोठ्या कचरा उत्पादकांत मोजली जाते. मग नोंदणी करावी लागते आणि ओल्या कचऱ्याची जबाबदारीही स्कीमवर येते. म्हणून अंदाज बांधू नका. साधा वजनकाटा घ्या, सात दिवस ओला आणि सुका वेगवेगळा मोजा आणि वहीत लिहा. अर्जातला सगळ्यात वजनदार कागद हाच.

स्कीमच्या बैठकीतल्या ठरावाशिवाय पुढे जाऊ नका. नागपुरात बऱ्याच स्कीम सहकारी सोसायट्या नाहीत, त्या 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या आहेत. अशांनी नोंदणी प्रमाणपत्राऐवजी घोषणापत्राची, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशनची प्रत लावावी. ड्रम कुठे ठेवणार, चावी कोणाकडे राहणार आणि भंगाराचे पैसे कोणत्या खात्यात जमा होणार, हे तिन्ही ठरावात स्पष्ट लिहा. पैशाचं आधी लिहून ठेवलं नाही तर पुढच्या बैठकीत भांडण त्यावरूनच होतं.

अर्ज तुमच्या झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावे करा आणि एक प्रत सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयातल्या घनकचरा व्यवस्थापन विभागाला द्या. आम्ही लेटरहेडवर लिहिलेल्या अर्जासोबत ठराव, मालमत्ता कराची चालू पावती, फ्लॅटची संख्या, वजनाच्या नोंदी, जागेचे फोटो आणि पदाधिकाऱ्यांच्या ओळखपत्राच्या प्रती लावल्या होत्या. ‘योग्य ती सोय करावी’ असं मोघम लिहू नका. सुक्याची वेगळी फेरी कोणत्या दिवशी हवी आणि अधिकृत पुनर्वापरदाराचं नाव हवं, असं नेमकं मागा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमचा पहिला अर्ज बिनशिक्क्याचा होता, त्यामुळे तो दिल्याचं आम्हाला सिद्धच करता आलं नाही.

महिनाभर उत्तर आलं नाही तर 10 रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात त्याच आवक क्रमांकावरची कार्यवाही विचारा. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते.

वेगळा केलेला कचरा कचरागाडीत एकत्र होताना दिसला तर कामगारावर ओरडू नका, बिचाऱ्याला गाडी जशी मिळते तशी तो भरतो. गाडीचा क्रमांक आणि आतले कप्पे दिसतील असा फोटो काढा, स्वच्छता अ‍ॅपवर तक्रार नोंदवा आणि तो तक्रार क्रमांक दुसऱ्या अर्जात घाला.