दुसऱ्या मजल्याचा शोध

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या गळतीचा वाद माझ्या मुलीइतकाच मोठा झालाय. गेल्या पावसाळ्यात तो पुन्हा पेटला. "अहो, ही तक्रार पूर्वीच नोंदवलीये, इतिवृत्तात असणार," असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं ठाम म्हणणं. पंधरा वर्षांची इतिवृत्तं एका पेन ड्राइव्हवर होती आणि या काळात चार सेक्रेटरी होऊन गेले होते. चेअरमन म्हणाले, "त्यात काय एवढं? सर्चमध्ये 'दुसऱ्या मजल्या' टाका, एंटर मारा."

मारला. तीन जागा निघाल्या, तिन्ही एकाच सेक्रेटरीच्या कारकिर्दीतल्या, आणि तिन्ही जिन्यातल्या दिव्याबद्दलच्या. सभेत लगेच निष्कर्ष निघाला, की अशी तक्रार कधी आलीच नव्हती.

या निष्कर्षामुळेच मी हा लेख लिहायला बसलो. कॉम्प्युटरला सापडलं नाही म्हणजे ते नाहीच, ही आजची सर्वांत पक्की अंधश्रद्धा आहे, आणि शिकलेल्यांमध्ये ती जास्त आहे. शोधणारं साधन तुमची फाइल वाचत नाही. फाइलमधून त्याला जेवढा मजकूर उपसता येतो, तेवढाच ते वाचतं. त्यामुळे 'कोणतं सॉफ्टवेअर सर्वांत फास्ट' हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. खरा प्रश्न असा, की ते शोधायच्या आधी काय उपसतं आणि कशाला 'सारखं' मानतं.

या साधनांची दोन घराणी आहेत. पहिलं ग्रेपचं. केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम १९७३ पासून चालतोय. फाइल घ्यायची, ओळ न् ओळ चाळायची, नमुना सापडला की ती ओळ छापायची. २०१६ मध्ये आलेला रिपग्रेप हा त्याचा चपळ नातू. दोघांनाही फक्त साधा मजकूर कळतो. वर्डची नवी फाइल ही खरं तर झिप केलेलं गाठोडं असते. विश्वास बसत नसेल तर एखाद्या प्रतीचं नाव बदलून शेवटी 'डॉट झिप' करा आणि उघडा, आत फोल्डर दिसतील. अक्षरं आत घट्ट दाबून भरलेली असल्यामुळे ग्रेप बाहेरून कितीही चाळलं तरी हाती काही लागत नाही. म्हणून रिपग्रेप-ऑल नावाचं साधन मध्ये दुभाषे ठेवतं. पीडीएफ एकाकडे, वर्डची फाइल दुसऱ्याकडे, आणि त्यांनी काढून दिलेला मजकूर रिपग्रेपकडे. विंडोजवर एजंट रॅन्सॅक साधारण असंच जागच्या जागी शोधून देतं.

दुसरं घराणं आधी सूची बनवणाऱ्यांचं. रिकॉल, डॉकफेचर, विंडोज सर्च, मॅकचं स्पॉटलाइट हे सगळे या घराण्यातले. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशी ही साधनं प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या फाइलींत आहे ते लिहून ठेवतात. पहिल्यांदा तासभर लागला तरी नंतर उत्तर क्षणात येतं. मात्र विंडोज सर्च मुळात ठरावीक फोल्डरांचीच सूची करतं. तुमचा पेन ड्राइव्ह त्यात नसतो, हे ते आपणहून सांगत नाही. आणि विंडोजवरच्या ज्या 'एव्हरीथिंग' नावाच्या साधनाची सगळे तारीफ करतात, त्याचा वेग फाइलींच्या नावांपुरता आहे. आतला मजकूरही शोधता येतो, पण एकेक फाइल उघडावी लागत असल्याने त्याची सगळी ऐट उतरते.

मी रिपग्रेप-ऑल बसवलं आणि पुन्हा 'दुसऱ्या मजल्या' टाकलं. पुन्हा तीनच. एक फाइल हाताने उघडून पाहिली, तर तिसऱ्याच ओळीत 'दुसऱ्या मजल्यावरील' असं स्वच्छ लिहिलेलं. डोळ्यांना दिसतंय आणि साधनाला दिसत नाही.

चोर होता 'ऱ्य'. हा 'र' पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसत नाही, शेजारी आडवा चिकटतो. हिंदीचं त्याच्यावाचून चालतं, आपलं चालत नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण.

कॉम्प्युटर अक्षराचं चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात साध्या 'र'चा क्रमांक ०९३०, आणि त्याच्या शेजारचा ०९३१ हा 'ऱ' म्हणजे खाली टिंब असलेला र. आता 'ऱ्या' लिहायचे रस्ते पाहा. पहिला: 'ऱ', मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग 'य' आणि काना. दुसरा: साधा 'र', त्याला वेगळा नुक्ता म्हणजे खालचं टिंब, मग पायमोड, य, काना. तिसरा: साधा 'र', पायमोड, त्यानंतर एक अदृश्य जोडक, मग य, काना. या जोडकाला रुंदीच नसते. तो कागदावर उमटत नाही, फक्त आधीच्या 'र'ला बजावतो की रफार होऊ नकोस, आडवा राहा. १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये हा आडवा 'र' असाच लिहायचा होता. पुढे 'ऱ'चा रस्ता मुख्य झाला, पण जुना मजकूर बिघडू नये म्हणून जोडकाचा रस्ताही उघडा ठेवला. नेहमीच्या यूटीएफ-८ साठवणीत देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे पहिला 'ऱ्या' १२ बाइटांचा, दुसरा आणि तिसरा १५-१५ बाइटांचे. चांगला फाँट असेल तर पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे.

इथे नीट लक्ष द्या, कारण खरी गंमत पुढे आहे. पहिला आणि दुसरा रस्ता एकच, असं युनिकोडने अधिकृतपणे जाहीर केलेलं आहे. जे साधन शोधण्याआधी मजकुराचं 'सामान्यीकरण' करतं, म्हणजे एकच मानलेली रूपं आधी एकसारखी करून घेतं, त्याला हे दोन्ही एकच दिसतात. ग्रेप आणि रिपग्रेप ते करत नाहीत, बाइटला बाइट जुळला तरच हो म्हणतात. तिसरा रस्ता मात्र सामान्यीकरणाच्या चारही अधिकृत प्रकारांत वेगळाच राहतो. मग जोडकाकडे दुर्लक्षच करावं का? युनिकोडच्या तुलनेच्या मूळ नियमांत तसंच आहे, जोडक हिशेबात धरत नाहीत. पण तिसऱ्या रस्त्याने लिहिलेल्या 'दऱ्या'तून जोडक काढला की उरतं 'दर्या'. साधन कडक असेल तर दऱ्या हरवतात आणि सैल असेल तर सह्याद्रीत समुद्र शिरतो. मधलं शहाणपण मराठी येणाऱ्यालाच दाखवावं लागतं.

ते शहाणपण मी असं दाखवलं. रिपग्रेपमध्ये टिंब म्हणजे 'कोणतंही एक चिन्ह', आणि टिंबापुढे प्रश्नचिन्ह म्हणजे 'असलं तर असो'. म्हणून नमुना दिला: दुस...?या. 'स' आणि 'य' यांच्यामध्ये दोन किंवा तीन चिन्हं, मग ती कोणतीही असोत. तीनच्या जागी चौदा ठिकाणं निघाली. एका सेक्रेटरीने जोडकाच्या रस्त्याने टाइप केलं होतं. दुसऱ्याने मोबाइलवर सरळ 'दुसर्या' असं रफार देऊन लिहिलं होतं, तेही या जाळ्यात आलं.

'ॲडव्हान्स'चंही हेच दुखणं. 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र चढवत, आणि ही दोन रूपं युनिकोड एक मानत नाही. सभासदांची नावं शोधताना आणखी एक भानगड निघाली. अंकशास्त्रवाल्याच्या सल्ल्याने एकाने मधेच नावात जादा मात्रा घातलीये. भाग्य उजळलं की नाही ते तोच जाणे, त्याच्या मेन्टेनन्सच्या थकबाकीचा अर्धा इतिहास मात्र शोधातून गायब झाला.

सूचीवाल्या घराण्याची अडचण वेगळी. सूची करायची तर शब्द कुठे संपतो ते आधी कळायला हवं. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शोधासाठी मुळातच जो तयार कोड येतो, त्यात 'शब्दातलं अक्षर' या खुणेत काना-मात्रा बसतच नाहीत, त्यामुळे 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे पडतात. हा अडथळा पार केला तरी आपली सामान्यरूपं आहेतच: मजला, मजल्यावर, मजल्यांना. 'मजला' हा अख्खा शब्द शोधणाऱ्या सूचीला 'मजल्यावर' हा परका शब्द वाटतो. 'मजल' लिहून पुढे फुली दिली की काम होतं, पण हे किती जणांना ठाऊक असतं?

पीडीएफबद्दल थोडक्यात. या फाइलीत 'अमुक आकृती अमुक जागी ठेव' अशा सूचना असतात. कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता सोबत नीट असेल तर ठीक, नसेल तर 'मित्र'मधली पहिली वेलांटी 'म'च्या आधीच बाहेर पडते. जुन्या फाँटांची गत याहून वाईट. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलं की फाइलीत एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरं साठतात आणि फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. आमच्या पहिल्या सेक्रेटरींची सगळी इतिवृत्तं अशीच होती, ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागली. स्कॅन केलेली पानं तर निव्वळ फोटो. त्यांच्यासाठी टेसरॅक्ट वापरलं. ते अक्षरं ओळखतं, मराठीसाठीही चालतं, पण फिकट झेरॉक्सवर अडखळतं.

भाचा म्हणाला, "मामा, कशाला एवढा खटाटोप, एआयला विचार ना." अर्थावरून शोधणारी साधनं कामाची आहेत, नाही असं नाही. पण त्यांच्याही ताटात आधी उपसलेला मजकूरच पडतो. कृतिदेवचा कचरा वाढला तर तेही कचराच चावणार, फक्त आत्मविश्वासाने.

चौदा जागा वाचून झाल्या. गळतीची तक्रार त्यांतही नव्हती. शेवटी काकूंनाच विचारलं, साधारण कधीची गोष्ट? "आमच्या बाळूच्या मुंजीच्या वर्षी," त्या म्हणाल्या. त्या वर्षाची फाइल उघडली, पाच मिनिटांत नोंद सापडली. सेक्रेटरींनी लिहिलं होतं: '२ रा मजला, उत्तरेकडील भिंतीस ओल.'