आयन परीक्षण

अज्ञात लवणातील धन आयन व ऋण आयन (धन वा ऋण विद्युत् भार असलेले अणू किंवा अणुगट) त्यांच्या ठरावीक विक्रियांवरून ओळखण्याची पद्धत. शाळा-महाविद्यालयांत हे अनुक्रमे आम्लारिधर्मी व आम्लधर्मी मूलक म्हणून परिचित आहेत. ‘आयन’ ही संज्ञा मायकेल फॅराडे यांनी विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने १८३४ मध्ये रूढ केली. विद्रावात आयन विद्युत् प्रवाहाविनाही सुटे असतात, हे स्वांटे आऱ्हेनियस यांच्या १८८४ च्या प्रबंधात बीजरूपाने व १८८७ मध्ये स्पष्टपणे आले. म्हणजे परीक्षणाची पद्धत जुनी, तिची उपपत्ती नंतरची.

धन आयनांच्या गटवारीचे श्रेय बहुधा जर्मन रसायनज्ञ फ्रेसेनियस यांच्या १८४१ च्या ग्रंथाला दिले जाते. मात्र हाइन्रिख रोझ यांचे मार्गदर्शक पुस्तक १८२९ चे आहे, हे विसरता येत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चांदी, शिसे व मर्क्युरस आयनांचा पांढरा साका बसतो. हायड्रोजन सल्फाइड सोडल्यास तांबे आम्लयुक्त विद्रावातच काळे बसते. जस्ताला अमोनियायुक्त विद्राव लागतो.

ऋण आयनांसाठी अशी सलग गटवारी रूढ नाही. त्यांच्या परीक्षांपैकी नायट्रेटची तपकिरी वलय परीक्षा सर्वांत वादग्रस्त. लवणाच्या विद्रावात ताजा फेरस सल्फेट विद्राव मिसळून तिरप्या धरलेल्या परीक्षानळीच्या कडेने संहत सल्फ्युरिक आम्ल सोडतात. जड आम्ल तळाशी जाते व दोन थरांच्या सीमेवर वलय उमटते. फेरस आयन नायट्रेटचे क्षपण करून (त्याला इलेक्ट्रॉन देऊन) नायट्रिक ऑक्साइड बनवतो. तो उरलेल्या लोहाशी जोडला जाऊन हा रंग येतो. पाठ्यपुस्तके या संयुगात लोहाची ऑक्सिडीकरण स्थिती (बंधात अणूवर मानलेला भार) +१ व नायट्रोसिल (लोहाशी जोडलेला नायट्रिक ऑक्साइड गट) धनभारित मानत आली. पण लोह +३ व नायट्रोसिल ऋणभारित धरले, तरी अयुग्मित (जोडी नसलेल्या, चुंबकत्व देणाऱ्या) इलेक्ट्रॉनांची बेरीज तीनच भरते, त्यामुळे चुंबकीय मापनाने निवाडा होत नव्हता. २००२ मध्ये मॉसबावर वर्णपटाच्या (अणुकेंद्रांनी शोषलेल्या गॅमा किरणांच्या) अभ्यासातून दुसऱ्या पर्यायाला पुष्टी मिळाली. २०१९ मध्ये या तपकिरी लोह-नायट्रोसिल आयनाचे स्फटिकही मिळवण्यात आले, आणि लोह-नायट्रोजन बंध बराचसा सहसंयुजी (इलेक्ट्रॉन दोघांत सामायिक असलेला) असल्याचे मत पुढे आले. तेव्हा +१ हा आकडा आता जपून वापरणेच बरे.

नायट्राइट आयन सौम्य आम्लातही तपकिरी रंग देतो, म्हणून तो आधी काढून टाकावा लागतो. ब्रोमाइड व आयोडाइडही घोटाळा करतात. नळी हलवली की वलय नाहीसे होते.