एपीआरएस ट्रॅकर घेण्यापूर्वी हे वाचा

एपीआरएस म्हणजे हौशी रेडिओवरून आपले स्थान आणि छोटे निरोप पाठवायची पद्धत. चोरीला गेलेली गाडी शोधण्यासाठी हा ट्रॅकर नाही, हे आधीच सांगतो. यात सिमकार्ड नाही, मासिक वर्गणी नाही आणि तो पाठवतो ते स्थान कोणालाही वाचता येते. तो हॅम, म्हणजे परवाना असलेल्या हौशी रेडिओ मंडळींसाठी आहे. म्हणून खरेदीला येताना परवान्याची प्रत सोबत आणा. परवाना कोणत्याही श्रेणीचा, व्हीयू२ असो वा व्हीयू३, तुमचा कॉलसाइन (परवान्यावरचे रेडिओ ओळखनाव) यंत्रात भरल्याशिवाय आम्ही ते हातात देत नाही. गाडीसाठी कॉलसाइनच्या शेवटी -९ जोडतो, हातातल्या सेटसाठी -७.

जीपीएसने दिलेले स्थान यंत्र १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत गुंफून दोन मीटर बँडवर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) सोडते. कानाला ती क्षणभराची खरखर वाटते. डोंगरमाथ्यावरचा डिजिपीटर ती ऐकून पुन्हा पाठवतो, आयगेट तिला इंटरनेटवर नेतो आणि नकाशावर तुमचे चिन्ह पुढे सरकते. ही पद्धत बॉब ब्रुनिंगा यांनी अमेरिकेच्या नौदल अकादमीत घडवली. ही केवळ गाड्यांचा माग काढायची सोय नव्हे, असे ते आवर्जून सांगत. छोटे निरोप, हवामानाच्या नोंदी, मदतकेंद्राची जागा हे सारे त्याच वाटेने जाते, आणि आपत्तीत त्याचाच खरा उपयोग आहे.

ही वाट मात्र अरुंद आहे. वेग १२०० बॉड आणि फ्रिक्वेन्सी सगळ्यांना मिळून एकच. दोघांनी एकाच क्षणी पाठवले तर बहुतेक वेळा दोन्ही संदेश वाया जातात, आणि स्थानाच्या संदेशाला पोचही मिळत नाही. दर दहा सेकंदांनी बीकन (स्थानाचा आपोआप जाणारा संदेश) सोडणारी एक गाडी अख्ख्या परिसराला गप्प करू शकते. म्हणून आम्ही स्मार्ट बीकनिंग चालू करूनच यंत्र देतो: वेगात असताना किंवा वळण घेतल्यावर ते लवकर पाठवते, सिग्नलला उभे असताना थांबते. पाथ, म्हणजे डिजिपीटरांनी संदेश किती वेळा पुढे पाठवायचा ही सूचना, 'वाइड१-१, वाइड२-१' एवढाच ठेवा. घरच्या स्टेशनला अर्ध्या तासाने एक बीकन पुरतो.

ताम्हिणीत शिरल्यावर चिन्ह नकाशावर थबकले, तर बीकन वाढवून उपयोग नाही. सह्याद्री मध्ये आला की दोन मीटरचे काही चालत नाही. फरक पडतो अँटेनाने. गाडीच्या पत्र्याआड ठेवलेल्या हँडीच्या (हातातल्या सेटच्या) रबरी अँटेनापेक्षा टपाच्या मध्यभागी चुंबकाने बसवलेली अर्ध्या मीटरची क्वार्टर-वेव्ह (पाव तरंगलांबीची) अँटेना कितीतरी सरस. खर्च करायचाच असेल तर तो इथे करा, जास्त वॅटच्या सेटवर नको.

घरच्या स्टेशनला जीपीएस लागत नाही, अक्षांश-रेखांश हाताने भरता येतात. पण एपीआरएसला ते अंश आणि मिनिटांत हवे असतात. पुण्याचा १८.५२ अंश हा अक्षांश १८ अंश ३१.२ मिनिटे होतो. तोच १८ अंश ५२ मिनिटे म्हणून भरला, तर तुमचे घर सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला, राजगुरुनगरच्याही पुढे जाते.

परदेशातून मागवलेले लोरा (कमी शक्तीत दूरवर पोचणारी डिजिटल रेडिओ पद्धत) ट्रॅकर अनेकजण दाखवायला आणतात. त्यांत बहुधा युरोपातली ४३३.७७५ मेगाहर्ट्झ भरलेली असते. आपल्याकडे हौशी रेडिओला त्या भागात ४३४ ते ४३८ दिलेले आहेत. फ्रिक्वेन्सी बदलल्याशिवाय ते चालू करू नका. बदलून आम्ही देतो, यंत्र कुठूनही घेतलेले असो.

दोन मीटरवरही अमेरिकेत १४४.३९०, युरोपात १४४.८०० असा फरक आहे. तुमच्या भागातले हॅम जी वापरतात तीच आपण भरू. १४५.८२५ वेगळ्या मेमरीत घालून देतो: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा डिजिपीटर चालू असताना, स्थानक डोक्यावरून जाते तेव्हा, पाच वॅटच्या हँडीनेही प्रयत्न करून बघा.

येताना आणखी एक सांगा: तुमच्या गच्चीवरून कोणता डोंगर थेट दिसतो. अँटेना कोणती आणि किती उंच, हे आम्ही त्यावरून ठरवतो.